न विचारता दारात उगवू नये

पोरी, सर्व्हर आता तू बघणार. आते-मामे भावंडं, त्यांचे शाळासोबती, दुबईची दोघं आणि न्यू जर्सीतला तो रात्री-अपरात्री उगवणारा, असा हा आपला माइनक्राफ्टचा बारका संसार. बॅकअप कसा घ्यायचा, व्हाइटलिस्टमध्ये नाव कसं चढवायचं हे तू माझ्याआधी शिकलीस, त्यात मी नाक खुपसत नाही. मला बोलायचंय ते टेलिपोर्टबद्दल. कारण तू अ‍ॅडमिन झाल्याचं कळलं की पहिली आरोळी तीच येणार आहे: "ताई, मला टीपी दे ना!" पोरं हिरे मागत नाहीत, टीपी मागतात.

मागतात तेही काही उगाच नाही. या जगात एक ब्लॉक म्हणजे एक मीटर, आणि जिवाच्या आकांतानं पळालं तरी सेकंदाला साडेपाच ब्लॉकच्या आसपास कापले जातात. ५,००० ब्लॉकवर कुणाचा बेस असला तर पाव तास नुसतं धावायचं. वाटेत नदी आडवी येते, डोंगर येतो, अंधार पडला की झोंबी येतात. आणि हे जग मध्यापासून प्रत्येक दिशेला जवळजवळ ३ कोटी ब्लॉक पसरलेलं. एका कमांडीत मित्रापाशी पोचायची सोय कुणाला नको असेल? पण ही सोय देताना जो जाणार त्याचाच विचार सगळे करतात. ज्याच्याकडे जाणार, तो त्या क्षणी काय करत असेल, त्याला आत्ता कुणी यायला हवंय का, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. मी तर म्हणेन, टीपीची खरी परवानगी त्याचीच. अ‍ॅडमिन म्हणून तू देतेस ती फक्त विचारायची परवानगी. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचं बरंचसं तुझं तुलाच सुचेल.

दोन कमांडींमधला फरक आधी नीट समजून घे. खेळात मुळातच असलेली '/टीपी' कुणालाही काही विचारत नाही. नाव टाकलं की थेट त्याच्या शेजारी. तो अंघोळीला गेलेला असो, मारामारीत असो, की गुपचूप कुणाच्या तरी वाढदिवसाचं घर बांधत असो. म्हणूनच ती सगळ्यांना मिळत नाही. ऑपचे, म्हणजे ऑपरेटरचे, चार स्तर असतात, त्यातल्या दुसऱ्या स्तरापासून पुढे ती चालते. गंमत अशी, की नुसतं '/ऑप' करून नाव टाकलं आणि सेटिंगच्या फायलीत काही बदललेलं नसलं, तर माणूस थेट चौथ्या स्तरावर जाऊन बसतो. म्हणजे 'फक्त टीपीसाठी' म्हणून ऑप केलेला दहा वर्षांचा चिरंजीव दुसऱ्याला बॅन करू शकतो, तिसऱ्याला ऑप करू शकतो आणि मनात आलं तर सर्व्हर बंदही करू शकतो. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हे. पोरगं चोर नसतं, पण किल्ल्या त्याच.

दुसरी कमांड '/टीपीए'. ही इसेन्शिअल्स-एक्स नावाच्या प्लगइनमधून येते. आपल्यासारख्या पेपर किंवा स्पिगॉटवर चालणाऱ्या सर्व्हरवर हे प्लगइन बहुतेक ठिकाणी दिसतं. '/टीपीए' लिहून पुढे नाव टाकलं की त्या खेळाडूला निरोप जातो. त्यानं '/टीपीअ‍ॅक्सेप्ट' म्हटलं तरच आपण तिथे उमटतो, '/टीपीडिनाय' म्हटलं की विषय संपला. त्यानं काहीच उत्तर दिलं नाही आणि सेटिंग जसंच्या तसं असलं, तर १२० सेकंदांनी विनंती आपोआप बाद होते. साध्या खेळाडूला द्यायची ती ही, आणि एवढीच.

आता वागायचं कसं ते. हे तुला सांगतोय, पण पोचवायचंय तू सगळ्यांपर्यंत, नियमांची पाटी न वाटेल अशा बेतानं.

'/टीपीए' टाकण्याआधी चॅटमध्ये एक ओळ लिहावी: "येऊ का? तुझं लोखंड परत द्यायचंय." नुसती विनंती आदळली की समोरच्याला कळत नाही काय काम आहे, आणि तो गोंधळून एक तर डोळे झाकून हो म्हणतो किंवा चिडून नाही म्हणतो. उत्तर आलं नाही तर थांबावं. दोन मिनिटांत पाच वेळा तीच विनंती पाठवणारे महाभाग आपल्याकडेही आहेत, तुला नावं माहीत आहेत. समोरचा कदाचित जेवायला उठलाय. न्यू जर्सीत तर आपली संध्याकाळ म्हणजे ऐन सकाळ, शाळेची बस पकडायची वेळ. तो खेळात दिसतोय म्हणजे खुर्चीत बसलाय असं नाही. आणि 'नाही' आलं तर का म्हणून विचारू नये. नाही म्हणायला कारण लागत नाही, हे पोरांना इथे शिकता आलं तर बाहेरही उपयोगी पडेल.

पोचल्यावर जागेवरच उभं राहावं. इकडेतिकडे उड्या मारत सुटू नये. हे मी शिस्तीसाठी नाही सांगत, शेतासाठी सांगतोय: नांगरलेल्या जमिनीवर उडी पडली की तिची साधी माती होते आणि वर लावलेलं गाजर-बटाट्याचं पीक उखडून येतं. यजमान म्हणेल तिथे जावं. पेटी उघडू नये, 'फक्त बघतोय' म्हणूनसुद्धा नाही. दार उघडलं तर मागे लावावं, नाही तर गावकऱ्यांच्या मागे झोंबी आत शिरतात आणि सकाळी यजमान एकेक गावकरी मोजत बसतो.

इथे दोन चोरवाटा आहेत. बऱ्याच अ‍ॅडमिन मंडळींनाही त्या ठाऊक नसतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

पहिली '/सेटहोम'. पाहुणा आला, गप्पा झाल्या, आणि जाता जाता तिथेच उभं राहून त्यानं आपलं 'होम' नोंदवलं. आता तो कधीही, कुणालाही न विचारता, '/होम' म्हणून तुझ्या खजिन्याच्या खोलीत उतरू शकतो. तू त्याची टीपीए शंभरदा नाकार, त्याला टीपीएची गरजच उरलेली नाही. मुद्दाम केलं असेल असंही नाही, लहान पोरं 'इथे छान आहे' म्हणून करतात. पण दुसऱ्याच्या बेसमध्ये होम लावणं म्हणजे त्याच्या घराची किल्ली परस्पर करून घेणं. मी ते ग्रीफिंगच्याच, म्हणजे दुसऱ्याचं बांधकाम मोडण्याच्याच, रांगेत धरतो, अगदी एक ब्लॉकही फुटला नसला तरी. पाठोपाठ होमची संख्याही बघ. नुसतं '/सेटहोम' दिलं तर प्रत्येकाला एकच होम मिळतं. 'मल्टिपल'ची परवानगी दिलीस की मूळ सेटिंगप्रमाणे ३ मिळतात. आपल्याएवढ्या सर्व्हरला दोन पुरे आहेत. होमं मोजकी असली की माणूस ती आपल्याच घरात लावतो.

दुसरी चोरवाट '/बॅक'. ही कमांड माणसाला शेवटच्या टेलिपोर्टच्या आधी तो जिथे होता तिथे परत नेते. आता बघ: पाहुणा तुझ्याकडून '/स्पॉन' म्हणून निघून गेला. तू निर्धास्त. दोन मिनिटांनी त्यानं '/बॅक' म्हटलं की तो पुन्हा तुझ्या माजघरात, आणि या वेळी तुला निरोपही आला नाही. म्हणून साध्या खेळाडूंना मी '/बॅक' देत नाही. मेल्यावर सामान आणायला परत जाता यावं यासाठी पोरं ती मागतात. त्यासाठीची परवानगी वेगळी असते आणि ती '/बॅक'वरच चढवावी लागते, म्हणजे एक दिलं की दुसरं आलंच. मेल्यावर सामान ५ मिनिटांत नाहीसं होतं ही खरी अडचण आहे, मान्य. पण ती ५ मिनिटं फक्त तो भाग सर्व्हरनं चालू ठेवलेला असतो तेवढ्यापुरतीच मोजली जातात. आसपास कुणी नसेल तर घड्याळ थांबलेलं असतं. तेव्हा मेल्यावर "अरे कुणी तरी जाऊन बघा रे" म्हणून ओरडू नये. जो जाईल त्याच्या येण्यानंच घड्याळ सुरू होतं. विश्वासातला एक जण पाठवावा, उचलून आणायलाच.

आता यजमानाकडे वळू. त्याच्याही अंगावर थोडी जबाबदारी असते. पाहुणा आपल्या पायांशी येऊन उतरतो, त्यामुळे '/टीपीअ‍ॅक्सेप्ट' म्हणण्याआधी आपण कुठे उभे आहोत ते बघावं. नेदरमध्ये लाव्ह्याच्या तळ्यावर एका ब्लॉकचा पूल टाकत असताना कुणाला बोलावू नये. खाणीत पाठीमागे क्रीपर फुसफुसत असताना तर नाहीच. इलायट्रा लावून उडत असताना अजिबात नाही. प्लगइन जमिनीचा अंदाज घेऊन सुरक्षित जागा शोधायचा प्रयत्न करतं, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नये. बेसच्या बाहेर चार बाय चारचं एक अंगण करून ठेवावं, दिवा लावून. पाहुण्याला हो म्हणायचं ते त्या अंगणात उभं राहून. आतलं काही दाखवायचं नसेल तर दाखवावं लागत नाही, आणि आलेल्याला परकंही वाटत नाही.

कुणी यायलाच नको असेल तर '/टीपीटॉगल'. त्यानं टीपीच्या विनंत्या बंद होतात. हे वापरणाऱ्याला आपल्याकडे 'शिष्ट' म्हणायची खोड आहे, ती मोड. एकट्यानं शांतपणे बांधत बसायला आलेला माणूसही खेळायलाच आलेला असतो. उलट '/टीपीऑटो' नावाची एक आळशी सोय आहे, ती आलेली प्रत्येक विनंती आपोआप मान्य करते. दोन जिवलग मैत्रिणी एकत्र काही बांधत असतील तर तेवढ्यापुरती ठीक. एरवी ती सुरूच राहते, माणूस विसरतो, आणि मग घरात कोण कधी येऊन गेलं त्याचा पत्ता लागत नाही.

धाकट्यांना एक गोष्ट मात्र दरडावून शिकव. '/टीपीए' आणि '/टीपीएहिअर' या दोन्ही विनंत्यांना होकार देण्याची कमांड एकच आहे. पहिलीत समोरचा आपल्याकडे येतो, दुसरीत आपण त्याच्याकडे ओढले जातो. निरोपाची ओळ इंग्रजीत असते, पोरं ती वाचतच नाहीत, सवयीनं '/टीपीअ‍ॅक्सेप्ट' ठोकतात आणि सापडतात. सगळ्या जगातल्या सर्व्हरांवर ही जुनी ठकबाजी चालते: बोलावलं जातं एका बंद खोलीत, आणि पिस्टननं पायाखालची फरशी सरकते, खाली लाव्हा. अंगावरच्या हिऱ्याच्या चिलखतासकट सगळं जळून जातं, नेदराइट तेवढं वाचतं. किंवा तीन जण तलवारी काढून उभे असतात. इसेन्शिअल्सच्या मूळ सेटिंगमध्ये उतरल्यावर ४ सेकंद दुसरा खेळाडू वार करू शकत नाही. पण ते ४ सेकंद भांबावण्यातच जातात, आणि ते संरक्षण खेळाडूंच्या वारापासून आहे, लाव्ह्यापासून नाही.

तेव्हा अनोळखी किंवा अर्धवट ओळखीच्यानं '/टीपीएहिअर' पाठवलं तर आधी विचारायचं, कुठे, कशाला. जायचंच असेल तर मौल्यवान सामान एंडर चेस्टमध्ये टाकून जायचं. तिच्यातले २७ कप्पे प्रत्येकाचे स्वतःचे असतात, तीच पेटी दुसऱ्यानं उघडली तरी त्याला आपलं काही दिसत नाही. आणि कुणी मोठं माणूस एखाद्या लहानग्याला सारखं एकट्यालाच '/टीपीएहिअर' करत असेल, खासगी मेसेजमध्ये वय, शाळा, फोटो विचारत असेल, तर तो खेळाचा प्रश्न राहिलेला नाही. आधी त्याला बंद कर, मग चॅटची नोंद बाजूला काढून ठेव आणि त्याच दिवशी मुलाच्या आई-बाबांना फोन कर. यात संकोच नको आणि 'गैरसमज असेल' हेही नको.

परवानग्यांच्या मांडणीवर फार बोलत नाही, लकपर्म्स तू वापरतेसच. दोन-तीन गोष्टी तेवढ्या. सगळ्यांचा 'डीफॉल्ट' गट असतो, त्यात टीपीए, होकार-नकार, टॉगल, स्पॉन आणि एक-दोन होमं, इथे थांब. तारांकन टाकून 'इसेन्शिअल्समधलं सगळं' असं कुणालाही देऊ नकोस, तुझ्या सगळ्यात भरवशाच्या मॉडरेटरलासुद्धा. त्या एका चांदणीत टॉगल धाब्यावर बसवणारी '/टीपीओ' येते, न विचारता ओढून घेणारी '/टीपीहिअर' येते, सगळ्यांना एका जागी गोळा करणारी '/टीपीऑल' येते. कुणाला काही कामासाठी जास्तीचं द्यायचं असेल, समजा दिवाळीच्या स्पर्धेसाठी पंच नेमलास, तर मुदतीचं दे. लकपर्म्समध्ये परवानगीला मुदत लावता येते, दोन दिवसांनी ती आपली आपण गळून पडते. कारण अनुभव असा, की दिलेली परवानगी परत मागताना नाती ताणली जातात. 'माझ्यावर विश्वास नाही का?' हा प्रश्न येतो. मुदत संपून गेली तर कुणी कुणाला काही विचारत नाही.

आणि हो, स्पेक्टेटर मोड. 'नुसतं बघायला' म्हणून कुणी मागितला तर लगेच देऊ नकोस. स्पेक्टेटर भिंतीतून आरपार जातो, बाकीच्यांना दिसत नाही, आणि त्याच्या मेनूतून कुठल्याही खेळाडूपाशी थेट जाता येतं. परवानग्यांच्या यादीत टीपी नसली तरी तो टीपीच आहे, वर अदृश्य.

सर्व्हर हळू होतो त्याची तक्रारही टीपीशी जोडलेली आहे. सर्व्हर सेकंदाला २० ठोके टाकतो, म्हणजे एका ठोक्याला ५० मिलिसेकंद. कुणी कधी न गेलेल्या मुलखात उडी घेतली की आजूबाजूचे चंक, म्हणजे जमिनीचे तुकडे, त्याला नव्यानं घडवावे लागतात. दृष्टीचा पल्ला १० ठेवला असेल तर २१ गुणिले २१, म्हणजे ४४१ चंक. असे तिघं-चौघं एकदम कुठेही उतरवणाऱ्या '/आरटीपी'शी खेळत बसले की बाकीच्यांच्या हातात कुदळ हवेतच थांबते. उपाय सोपे: नकाशाचा ठरावीक भाग 'चंकी'सारख्या प्लगइननं आधीच घडवून ठेवायचा, त्याबाहेर '/आरटीपी' जाऊ द्यायची नाही, आणि दोन उड्यांमध्ये मिनिटभराचं अंतर लावायचं. उडीआधी ३-४ सेकंद थांबायची अटही घाल. त्या वेळात हललं किंवा मार बसला की टेलिपोर्ट रद्द होतो, त्यामुळे हरत आलेला खेळाडू ऐन मारामारीतून निसटू शकत नाही. अरुणोदयापर्यंत चाललेली भांडणं एवढ्या एका ओळीनं मिटतात. फक्त तुझ्या मॉडरेटरांना ही अट चुकवायची परवानगी नकळत देऊन बसू नकोस.

आता तुझ्या स्वतःच्या वागण्याबद्दल. हे जरा बोचेल.

१९७८ साली इंग्लंडात एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ नावाच्या विद्यार्थ्यानं 'मड' हा खेळ लिहायला घेतला, आणि पुढे रिचर्ड बार्टलनं तो हाती घेऊन वाढवला. चित्र एकही नाही, नुसती अक्षरं, पण एकाच जगात अनेक जण. त्यात पुरेसे गुण कमावले की खेळाडू 'विझर्ड' व्हायचा आणि त्याला इतरांना नसलेल्या शक्ती मिळायच्या. आजचे ऑप-अ‍ॅडमिन त्याच घराण्यातले. तेव्हापासून एकच गोष्ट दिसत आलीय: अशा जगात साध्या खेळाडूंचा जीव रमतो की नाही, हे शक्तीवाला त्या शक्तीचं काय करतो यावर फार अवलंबून असतं. अ‍ॅडमिननं गंमत म्हणून कुणाच्या मागे उगवून 'भॉ' केलं, तर हसतात सगळे. पण त्या दिवसापासून ज्याच्या मागे उगवलीस त्याला घरात असताना पाठीशी कुणी तरी आहे असं वाटत राहतं. तुझ्याकडे '/टीपी' आहे म्हणून ती वापरलीच पाहिजे असं नाही. खेळायला बसशील तेव्हा तूही '/टीपीए'च टाक, नकार आला तर तूही परत फीर. अ‍ॅडमिनचं काम करायचं असेल तर आधी चॅटमध्ये सांग: "तक्रार आलीय, तपासायला तुझ्याकडे येतेय." शक्य असेल तर दोन खाती ठेव, एक खेळायचं आणि एक कामाचं, म्हणजे लोकांना कळतं आत्ता ताई आलीय की अ‍ॅडमिन.

कुणाला त्याच्या जागेवरून हलवायचं असेल, भिंतीत अडकलाय, पोर्टलमध्ये फसलाय, तर त्याला विचारूनच हलव. लांबच्या उडीत त्याचा पाळलेला कुत्रा मागे राहू शकतो, हेही आधी सांग. मोठ्यांना हसू येईल, पण एका कुत्र्यापायी आपल्याकडे दोन दिवस अबोला चालला होता.

'माझ्या घरात कोणी तरी आलं होतं' अशी तक्रार आली की लगेच टीपी मारून तिकडे धावू नकोस. आधी कागद वाच. पेपर-स्पिगॉटच्या लॉगमध्ये कुणी कधी कुठली कमांड दिली त्याची ओळ पडलेली असते, कुणी '/टीपीए' टाकली आणि कुणी '/होम' म्हटलं तेही. कोअरप्रोटेक्ट प्लगइन असेल तर '/सीओ आय' म्हणून पेटीवर क्लिक केलं की कुणी काय काढलं ते दिसतं, आणि तुटलेली भिंत वेळ आणि नाव देऊन जशीच्या तशी परत उभी करता येते. ओरडणारा नेहमीच खरा नसतो. चोर सोडून संन्याशाला फाशी एकदा दिलीस की पुढे तुझा शब्द कुणी मानणार नाही. पुरावा मिळाल्यावरही पहिल्यांदा खासगीत बोल. चारचौघांत नाव घेतलं की पोरगं सुधारत नाही, पुढच्या वेळी जास्त चलाखीनं करतं.

जमिनीला कुंपण घालणारं ग्रीफप्रिव्हेन्शन लावायचं ठरवलंस तर त्यातली पायरी-पायरीची परवानगी पोरांना समजावून दे. '/अ‍ॅक्सेसट्रस्ट'नं बटणं, पलंग वापरता येतात, '/कंटेनरट्रस्ट'नं पेट्या उघडता येतात, आणि '/ट्रस्ट'नं तोडफोड-बांधकाम सगळंच. लोक सरसकट '/ट्रस्ट' करून मोकळे होतात, मग ओसरी दिलेला पाय पसरतो. टीपीए मान्य करणं आणि जमिनीवर ट्रस्ट देणं ही दोन वेगळी कामं आहेत. कुणाला चहाला बोलावलं म्हणजे तिजोरी दाखवलीच पाहिजे असं थोडंच आहे?

माझं खरं मत विचारशील तर आपल्या सर्व्हरवर टीपी आहे त्यापेक्षाही कमी असावी. 'टू-बी-टू-टी' नावाचा एक सर्व्हर डिसेंबर २०१० पासून चालू आहे. तिथे नियम नाहीत आणि टीपीएही नाही. माणसं लाखो ब्लॉक लांब जाऊन घरं बांधतात, कारण तिथे अंतर हेच एकमेव कुलूप आहे, आणि कॉर्डिनेट्स फोडणं हा तिथे विश्वासघात समजतात. त्या सर्व्हरवर तुम्हा पोरांना मी जाऊ देणार नाही, तो भाग वेगळा. पण त्यातलं घेण्यासारखं घ्यावं. आपल्या घरी आलेल्यानं तिथला एफ-३ दाबलेला स्क्रीनशॉट कुठेही टाकू नये, त्यात आकडे स्पष्ट दिसतात. आणि डायनमॅप लावलास तर खेळाडूंना नकाशावरून लपायची मुभा ठेव, नाही तर टीपीए नाकारून काय उपयोग, वाट तर जगजाहीर.

टीपी कमी केली की पोरं रस्ते बांधतात. नेदरमधला एक ब्लॉक म्हणजे वरच्या जगातले ८. आपल्या ५,००० ब्लॉकच्या बेसला नेदरमधून ६२५ ब्लॉकचा रस्ता पुरतो, म्हणजे पळत दोन मिनिटं. त्याच्या दोन्ही अंगांना भिंती, डोक्यावर छप्पर, वळणावर पाट्या. असा रस्ता चार जणांनी मिळून बांधला की त्यांची जी दोस्ती होते ती टीपीए-टीपीअ‍ॅक्सेप्टमध्ये होत नाही. जरा मोठ्या मुलांना एंडर पर्लची करामत शिकव: पाण्याच्या बुडबुड्यांच्या खांबात पर्ल फेकून ठेवायचा, तो तरंगत राहतो. लांब कुठे अडकलं की मित्र इकडे झडप बंद करतो आणि आपण घरी पोचतो. उतरताना अडीच हृदयांचा फटका बसतो तेवढाच. परवानगीची कुठली ओळ लिहावी लागत नाही, फक्त झडपेपाशी आपला माणूस हवा. मात्र दुसऱ्याच्या बेसमध्ये त्याला न सांगता पर्ल तरंगत ठेवणं हे पुन्हा '/सेटहोम'सारखंच. तेही चालू द्यायचं नाही.

बाकी तू करशील ते ठीक. एक काम मात्र उद्यावर ढकलू नकोस. आज रात्री सर्व्हर बंद करशील तेव्हा 'ऑप्स डॉट जेसन' ही फाइल उघड. आधीच्या स्पर्धांच्या, जुन्या सुट्ट्यांच्या वेळी ऑप केलेली नावं तिच्यात अजून पडून आहेत, त्यातले काही जण आता खेळतही नाहीत. ती सगळी काढ. माझंही काढ.